दाजींची निळी होडी

चहा घ्या, पन हसायचं असलं तर कप आधी खाली ठेवा. समुद्राकाठी माझी जी फजिती झाली, ती मी अजून बायकोलाबी धड सांगितलेली न्हाई!

तुमाला ठावं हाय, घोडेगावात माझं डिझेल इंजिन दुरुस्तीचं दुकान. पन बाजार भरला की लोक मला बैलांच्या सौद्यालाबी सोबत नेतात. का? तर समोरच्याच्या मालाला नावं ठेवावीत ती आपनच!

आमचे दाजी अलिबागकडचे. सुप्याच्या कंपनीत हुते तेव्हा आक्काशी लग्न झालं. पुढं नोकरी सुटली, तसे गावी जाऊन मासेमारी करायला लागले. त्यांचा फोन आला, "भाऊ, मोठी होडी घ्यायचीय. वापरलेलीच. तेवढं इंजिन बघून द्या."

आता मी पानी पाहिलंय ते विहिरीचं आन कॅनॉलचं! तरी गेलो. इंजिन ते इंजिन, त्याला काय खारं आन काय गोडं?

ओहोटी लागलेली, होड्या वाळूवर टेकलेल्या. दाजी लांबनंच बोट दाखवून म्हनाले, "ती निळी. तुम्ही बघत राहा, मी मालकाला घेऊन येतो."

निळ्या दोन हुत्या हो! मी आपला जवळचीत चढलो.

तिथं एक मिशीवाले गृहस्थ फळ्यांवर टिचक्या मारत उभे. मला वाटलं, मालक तर हितंच हाय! दाजी उगाच हुडकत गेले. म्हटलं, भाव पाडायची हीच वेळ.

"कशी वाटते होडी?" त्यांनी विचारलं.

"हिला होडी म्हनायचं?" मी नाक मुरडलं. "फळ्या बघा, चहात बुडवलेल्या बिस्किटावानी झाल्यात. इंजिनाला तर दमा हाय!"

"अहो, इंजिन तुम्ही अजून उघडलं कुठं?"

"मला नुसत्या वासावरनं कळतं! हिच्यात बसनारा मानूस घरी जेवायला येत नसतो!"

गृहस्थ घाईघाईनं उतरले, चपला हातात घेतल्या आन चालू लागले. मी लई खूश! मालक खचला, आता सौदा खिशातच की!

तेवढ्यात दाजी आले. "भाऊ, तुम्ही माझ्या होडीत काय करताय? आणि ते पाहुणे कुठं गेले? माझी होडी विकत घ्यायला आले होते. ही गेल्याशिवाय मी मोठी कशी घेऊ?"

अहो, पायाखालची वाळूच सरकली! घडलेलं सगळं सांगितलं. दाजी रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते होडीच्या काठावर बसून राहिले, फळीवर हात ठेवून. मला बघवेना. मी पळत सुटलो.

"पाहुने, थांबा! मी खोटं बोललो!"

"तेव्हा की आत्ता?"

"तेव्हा! तुमालाच मालक समजून भाव पाडत हुतो!"

ते मला वरनं खालपर्यंत बघत राहिले. मग म्हनाले, "ठीक आहे. भरती आली की चक्कर मारू. पण तुम्ही पुढं बसायचं."

भरती येईस्तोवर मी इंजिन उघडून नीट तपासलं. खरं सांगू? ठनठनीत! दाजींनी लेकरावानी जपलं हुतं.

मग निघालो. किनारा जरा लांब गेला आन पहिली लाट आली. आक्कानं सकाळी मायेनं काय काय खाऊ घातलं हुतं, ते सगळं समुद्रानं परत मागून घेतलं! पाहुने वाकून वाकून फळ्यांचे सांधे तपासत हुते, दाजी सुकानू धरून, आन मी काठाला मिठी मारून ओरडतोय, "दाजी, मला हितंच उतरवा!"

परत आल्यावर मला दोघांनी धरून वाळूवर बसवलं. पाहुन्यांनी दाजींचा हात हातात घेतला.

"होडी घेतली," ते म्हनाले. "सगळी बघितली, कुठंच गळत नाही. गळतो तो फक्त तुमचा मेव्हणा!"