मलम तिचं, बायका माझ्या

शेळगावात खालच्या खाजेचं कुणाला सांगायचं म्हटलं की बायका माझ्याकडं यायच्या. घरात सांगायच्या, विरजण आणायला चाललेय. वाटी ओट्यावर ठेवायची, पोराबाळांचं बोलायचं, नि मग कानाशी लागायचं, की काकी, पांढरं जातंय दह्यागत, बसवंना. मी कडुलिंबाचा पाला उकळून निवलेलं पाणी द्यायची, वरनं धुवायला. पुष्कळींना बरं वाटायचं. आता पाल्यानं, का कुणाला तरी सांगितल्यानं, ते मी बघायला गेले नाही.

मग धाकट्या जावेला सून आली. बारामतीला औषधांच्या कॉलेजात शिकवते. ती म्हणे ह्याच दुखण्यावर झाडपाल्याचं मलम करतीय. जाऊ साऱ्या भावकीत सांगत हिंडली. जन्मात हा विषय तोंडातून न काढलेली बाई! एका रविवारी सून पिशवी घेऊन आली नि माझ्याच बांधावरच्या लिंबाचा पाला मागितला. मी म्हटलं, ने. वाटलं, आता विचारंल तुम्ही कसं उकळता, किती उकळता. छे. पाला कोवळा का जून तेवढं बघितलं, चहा प्याली नि गेली.

त्यानंतर सून घरी असायची तो रविवार धरून बायका जावेच्या दारात. माझं विरजण तसंच पडून. जळायची मी, खोटं कशाला बोलू. तिचं मलम नासावं असंसुद्धा मनात यायचं.

आणि नेमकी मलाच खाज सुटली. लिंबाच्या पाण्यानं काही उतार पडेना. साऱ्या गावानं माझ्या कानात सांगितलं, मी कुणाच्या कानात सांगू? जावेला कळलं तर मेल्याहून मेल्यागत. शेवटी काटेवाडीला भाचीकडं जाते म्हणून सांगितलं, बारामतीची एस्टी धरली नि कॉलेजात सुनेपुढं जाऊन बसले.

तिनं काचेच्या ताटल्या दाखवल्या. पांढरी बुरशी सायीसारखी धरलेली, नि पाल्याचा अर्क टाकलेला तेवढाच गोल मोकळा.

मी म्हटलं, "मग दे की डबीभर."

"नाही देता येत, मोठ्या आत्या. ताटलीत बुरशी मरते, पण अर्क अंगाला काय करंल अजून माहीत नाही. तुम्ही शुगर कधी तपासली?"

शुगरचं मी ऐकलंच नाही. म्हणजे हिचं मलम अजून झालंच नव्हतं! खाज असून मला गार वाटलं.

"मग रविवारच्या बायकांना काय देतीस?"

"काही नाही. ऐकून घेते. दवाखान्यात जायला लाजतात त्यांना सोबत नेते."

मलाही नेलं. साखर भरमसाट निघाली, खाज त्यातनंच. डॉक्टरीणबाईंनी साखर उतरायच्या गोळ्या दिल्या, नि खाजेला आत ठेवायच्या वेगळ्या. पुढं त्यानंच उतार पडला. पण त्या दिवशी बाहेर बाकावर सून माझी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

मी म्हटलं, "तुझ्या सासूला सांगू नगं."

"मी कुणाचंच कुणाला सांगत नाही," म्हणाली.

तिथं मला खरं टोचलं. मलम तिचं, तिला लखलाभ. पण मलम नसताना बायका तिच्याकडं जात होत्या, नि का जात होत्या ते मला त्या बाकावर कळलं. ऐकून पोटात ठेवणं, एवढं एक तरी माझं म्हणून राहील असं वाटलं होतं.

तिनं मला एस्टीत खिडकीशी बसवून दिलं, पाण्याची बाटली दिली. गाडी हलेपर्यंत ती खाली उभी होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.