गच्ची कुणामुळे गळत नाही

विंझरच्या आमच्या गच्चीला बारीक छिद्रं बुजवणारं नॅनो कोटिंग मारायला भोरहून एकजण आला होता. पोराचा ताप बघावा तसा तो स्लॅबवरून उलटा हात फिरवायचा. "डोळ्याला दिसत न्हाई, तीच भेग पाणी आत घेती," म्हणायचा.

पहिला थर वाळला आणि आमच्या चुलतीने पावटा वाळत घालायला गच्ची शेणाने सारवून टाकली! सकाळी तो आला. त्याने शेणावरून उलटा हात फिरवला. "काकू, हात लई सफाईदार हाय तुमचा," म्हणत हसला. मग सगळं घासून धुतलं आणि पुन्हा कोटिंग मारलं.

यंदाच्या पावसात गच्ची गळली नाही. चुलती गावभर सांगते, शेणाचा गुण. मी त्याला फोनवर हे सांगितलं.

"सांगू द्या की," तो म्हणाला. "गळली असती, तर शेणाला कुणी नावं ठेवली असती का?"