नारळी पुनवेला उघडलेला रस्ता

आमच्या घरात वर्ष समुद्रावरून मोजलं जाई. पाऊस लागायच्या आधी होड्या वर ओढायच्या, नारळी पुनवेला दर्यात नारळ सोडायचा आणि मग होड्या खाली लोटायच्या. लग्नं, शाकारणी, बायकांचं माहेरी जाणं, सगळं या दोन खुणांच्या आत बसवायचं. सासरे तांडेल होते, म्हणजे होडीवर त्यांचा शब्द शेवटचा. घरातही तोच शेवटचा. म्हणून माझ्या नवऱ्याने मोटारसायकलवरून मध्य प्रदेशात कधी निघायचं, तेही समुद्रावरूनच ठरलं.

नवरा लष्करात गाड्या दुरुस्त करत असे. एक ट्रक उलटला, त्यात त्याचा उजवा पाय मोडला. पाय आखूड राहिला आणि त्याला घरी पाठवलं. येताना लष्कराने लिलावात काढलेली एक मोटारसायकल घेऊन आला. गावात तिला सगळे फटफटी म्हणत. तिची किक उजव्या बाजूला होती आणि त्याच्या उजव्या पायात तेवढा जोर नव्हता. म्हणून किक मी मारायची. काष्टा घट्ट खोचून, हँडल धरून, सगळं अंग टाकून. पोरं बघायला जमत. मला त्याची लाज नव्हती. गाडी चालू होणं महत्त्वाचं.

होडीवर आलेल्या माशांच्या वाटण्या होतात. होडीची एक, जाळ्याची एक आणि जे राबले त्यांच्या. माझा नवरा होडीत उभा राहू शकत नव्हता. किनाऱ्यावरून रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढायची तर वाळूत टाचा रोवाव्या लागतात, तेही त्याला जमत नव्हतं. म्हणजे आमची वाटणी नाही. आम्ही थोरल्या दिरांच्या वाटणीतलं खात होतो. जाऊ वाढताना बोलायची.

"ती फटफटी बांधा रापणीच्या दोराक. ती तरी ओढतली!"

घरातले हसत. नवराही हसायचा, सुरुवातीला. मग त्याने हसणं सोडलं, मग बोलणं. दिवसभर गाडीजवळ बसून तेच तेच नट सोडायचा आणि आवळायचा. एकदा तो विहिरीच्या कठड्याशी उभा दिसला. हातात कळशी नव्हती. रहाटाचा दोर हातात धरून नुसता बघत होता. त्या दिवसापासून रोज सांजवेळी मी रहाटाचा दोर सोडून घरात आणून ठेवू लागले. कशाला आणतेस असं कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मूलबाळ नव्हतं. तो गेला असता तर मला त्या घरात चुलीपुढेही जागा नव्हती. पण खरं तर मला तो जिवंत हवा होता, एवढंच.

मे महिन्यात त्याचा लष्करातला एक सोबती येऊन गेला. घाटावरचा माणूस. तो मध्य प्रदेशात एका धरणाच्या कामावर लागला होता. म्हणाला, "एका छावणीतून दुसरीकडे सामान, निरोप पोचवायला आणि गाड्या बघायला माणूस हवाय. स्वतःची मोटारसायकल असलेला. पाऊस संपला की काम सुरू. आधी येईल त्याला ठेवतील."

नवऱ्याने त्या दिवशी दोनदा भात घेतला.

मग रोज तोच विषय. पाऊस संपला म्हणजे कधी? नवऱ्याने लष्करात असताना रस्ते पाहिलेले. तो म्हणाला, "दसरो झाल्यार निघुया. तवसर घाटाचो भरवसो नाय."

सासरे जाळं शिवत होते. वर न बघता म्हणाले, "दसऱ्यापर्यंत तुझी वाट बघतले ते? नारळी पुनवेक दर्यो उघाडता. दर्यो उघाडल्यार रस्त्याक काय धाड भरली?"

"बाबा, दर्यो वेगळो, घाट वेगळो."

"पावस एकच मा रे?"

यावर तो उठून गाडीकडे गेला. मलाही लवकर निघायचं होतं. आधी येईल त्याला, हे शब्द माझ्या डोक्यात बसले होते. शेवटी ग्रामदेवाला कौल लावायचं ठरलं. आमच्याकडे मोठं काही करायचं तर गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार. गुरवाने म्हटलं, "नारळी पुनवेक तुझा लेकरू भायर पडता, तेका राख म्हाराजा!" आम्ही सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणालो. उजवी पडली. सासऱ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू त्यांनीच पाडली.

गुरव हात पुसत म्हणाला, "गावच्या सीमेपर्यंत तो राखता. फुडचा तुमचा तुमी बघा." हे प्रत्येक वेळी म्हणायचं वाक्य होतं. त्याकडे कोण लक्ष देतो?

पुनवेला ऊन पडलं होतं. समुद्र ताटात ओतल्यासारखा सपाट. नारळ सोडला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मागे बिछान्याची वळकटी, हत्यारांची पेटी आणि मी. जाऊ दारात उभी होती. "किक मारूक बरी सोबत मिळाली रे तुका," म्हणाली. तिची पोरं सीमेच्या दगडापर्यंत धावत आली आणि तिथून परतली.

फोंड्याच्या घाटात दरड पडल्याचं वाटेत कळलं म्हणून आंबोलीने जायचं ठरवलं. सावंतवाडीपर्यंत ऊन होतं. घाटाला लागलो आणि पावसाने आम्हाला झोडपायला घेतलं. पुढचा रस्ता दिसेना. गाडी दर वळणावर बंद पडायची, मी उतरून किक मारायची. वर पोचलो तर पुढे माती खाली आली होती. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीत शिरलो. टपरीवालीने माझं लुगडं पिळायला मदत केली.

"खंयसून इल्यात?"

"मालवणसून."

"आणि चल्ल्यात खंय?"

"मध्य प्रदेशात."

ती आत वळून नवऱ्याला म्हणाली, "आयकलंत? ही दोघा फटफटीर बसान मध्य प्रदेशात चल्ली हत."

आतून आवाज आला, "ह्या दिवसांत?"

"तेंचो दर्यो उघाडलो मा!" आणि ती पोट धरून हसली. मग मला म्हणाली, "गो बाय, हय दसऱ्याशिवाय पावस जाणा नाय. तुमका कोणी सांगूक नाय?"

सांगितलं होतं. माझ्या नवऱ्यानेच सांगितलं होतं. तो कोपऱ्यात बसून प्लग पुसत होता, त्याने मान वर केली नाही.

माती काढल्यावर पुढे गेलो. घाटावरचा मुलूख सपाट, पण नदीच्या फरशीपुलावरून पाणी वाहत होतं. दोन्ही बाजूंना बैलगाड्या थांबलेल्या. लोक म्हणाले थांबा, उतरेल. नवऱ्याच्या डोक्यात दुसरा कोणीतरी आधी पोचत होता. तो म्हणाला, "घट धर." मध्यावर पाणी इंजिनात गेलं. गाडी एक आचका देऊन बंद पडली. मी कमरेएवढ्या पाण्यात उतरले. किक दबेनाच. बैलगाडीवाल्यांनी दोर टाकून गाडी आणि आम्हाला ओढून काढलं. नवऱ्याने इंजिन उघडलं. आतला दांडा वाकला होता.

दुसरा दांडा कोल्हापुरातून यायचा होता आणि रस्ते कधी चालू, कधी बंद. आम्ही त्या गावात देवळाच्या ओसरीवर राहिलो. मी बायकांबरोबर भांगलणीला जाऊ लागले, तेव्हा भाकरी मिळे. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. त्या गावात घरोघरी विहिरी नव्हत्या, नदी होती. नदीला दोर लागत नाही. मी शेतात तण उपटताना सारखी मान वर करून ओसरीकडे बघे. शेजारची बाई म्हणाली, "नवरा पळून जाईल व्हय गं तुझा?" मी हो म्हटलं. ती हसली. तिला काय ठाऊक.

गणपती आले आणि गेले. नवरात्रात दांडा आला. दसऱ्याला गाडी चालू झाली, पहिल्याच किकेला.

मग जो प्रवास झाला तसा कोणी पैसे देऊन करावा. रस्ते कोरडे, ऊन कोवळं, दोन्हीकडे ज्वारी उभी. कोल्हापूर, पुणं, नाशिक, धुळं. वाटेत तो बंद पडलेले ट्रक चालू करून द्यायचा, ते आम्हाला पेट्रोल आणि जेवण द्यायचे. धुळ्याच्या पुढे तो शीळ घालू लागला. लग्नानंतर मी ती कधी ऐकली नव्हती. मागे मान वळवून म्हणाला, "बघलंस? हेचसाठी मी दसरो सांगी होतंय." मी म्हटलं, "फुडे बघा." मला वाटलं, सुटलो.

धरणावर पोचलो. सोबती छावणीतून बाहेर आला आणि आम्हाला बघून जागीच थांबला.

"अरे, आत्ता आलास? माणूस तर गणपतीतच घेतला."

"पण पाऊस संपल्यावर म्हणाला होतास ना?"

"काम आत्ताच सुरू झालं. पण माणूस आधी घेतला. इथलाच आहे, नदीपलीकडचा. सबंध पावसाळा रोज दारात येऊन बसत होता."

म्हणजे आम्ही दसऱ्याला घरून निघालो असतो तरी उशीर. पुनवेला निघालो, तरी उशीर. जो तिथलाच होता त्याला ऋतू निवडावा लागला नाही. सोबत्याने चहा पाजला, दुसरं काही निघालं तर कळवतो म्हणाला. नवऱ्याने मान हलवली. बाहेर येऊन गाडीवर बसला आणि म्हणाला, "मार."

"खंय जावचा?"

"मार गो."

परतीच्या वाटेवर त्याने शीळ घातली नाही. घाट कोरडा होता, फुलांनी भरलेला. टपरीवालीने ओळखलं, हात केला. आम्ही थांबलो नाही.

घरी पोचलो तेव्हा सासरे अंगणात जाळं शिवत होते. त्यांनी आमच्या सामानाकडे पाहिलं. सगळं परत आलं होतं. जाळ्याची एक गाठ मारली. मग विचारलं, "रस्तो बरो होतो?"

"बरो होतो," नवरा म्हणाला आणि आत जाऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी तो गाडीजवळसुद्धा बसला नाही. मी भांडी घासून सांजवेळी विहिरीवर गेले तर रहाटाला दोर नव्हता. नवरा पडवीत दिसला नाही. मी माडांमधून धावले, होड्यांच्या मांडवात बघितलं, त्याच्या नावाने ओरडले. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, मी घेतलं. तो खालच्या दगडावर समुद्राकडे बघत बसला होता. रिकाम्या हाताने. त्याने वळून पाहिलं आणि पुन्हा तोंड फिरवलं.

मी स्वयंपाकघरात आले. जाऊ चुलीपुढे बसली होती. तिच्या पाटामागे दोराचं वेटोळं होतं, अजून ओलं.

तिने फुंकणीने चूल फुंकली, धुराने भरलेले डोळे पुसले.

"माका पण डोळे आसत गो," ती म्हणाली. "जा, तेका जेवूक घेवन ये."