गोमेरा नको, तिथे मॉल नाही

सौदीतल्या दम्माममध्ये पुण्या-नाशिककडची जी मराठी घरं आम्हाला भेटली, त्यांत एक गृहस्थ होते. त्यांना सगळे ‘सर’ म्हणायचे. ते कुणाला शिकवत नव्हते आणि आमच्यापैकी कुणाचे साहेबही नव्हते. तेलविहिरींना यंत्रसामग्री पुरवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि शेजारच्या खोबर शहरात बाग असलेल्या बंगल्यात राहायचे, एवढं पुरलं असावं. इतर लोक देश बघतात, सरांनी देश ‘केले’ होते. स्वित्झर्लंड केलं, जपान केलं, तुर्कस्तान तर दोनदा केलं. तुर्कस्तानात काय आवडलं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “ब्रेकफास्टला भरपूर व्हरायटी.”

मी इथल्या इंडियन स्कूलमध्ये भूगोल शिकवते. नवरा जुबैलच्या रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. ईदच्या सुट्टीत चार घरांनी मिळून कुठेतरी जायचं ठरत होतं, तेव्हा कॅनरी बेटांचं नाव मीच काढलं. अटलांटिकमध्ये, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, ज्वालामुखींनी समुद्रातून वर काढलेली स्पेनची बेटं. मुलांना फळ्यावर काढून दाखवताना माझा हात दर वर्षी तिथे जरा जास्त वेळ रेंगाळायचा. सरांना नाव पसंत पडलं, कारण ती बेटं आमच्यापैकी कुणीच केली नव्हती. मग कुठलं बेट करायचं हे ठरवायला त्यांनी शुक्रवारी दुपारी सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं.

जेवणं झाल्यावर त्यांनी बैठकीतल्या टीव्हीवर बेटांचे फोटो लावले आणि एकेका बेटाचा निकाल द्यायला सुरुवात केली. लांझारोते म्हणजे नुसता काळा दगड, म्हणून बाद. ला पाल्मावर काही वर्षांपूर्वी ज्वालामुखी फुटला होता, रिस्क कशाला घ्या, म्हणून बाद. एल येरो हे नाव वाचून ते थांबले.

“हे कुणी ऐकलंय तरी का? स्टेटसला टाकलं तर लोक विचारतील, कुठे आलं हे? आपण काय उत्तरं देत बसायचं?”

माझा नवरा यावर हसला. अल खर्जहून आलेलं एक जोडपं होतं, तो तिथल्या मोठ्या डेअरी फार्मवर जनावरांचा डॉक्टर आणि ती घरून अकाउंट्सची कामं करणारी. तेही हसले. चौथं घर कामामुळे आलं नव्हतं, पण त्यांनी फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं की सर ठरवतील ते.

“पण काळा दगडच तर बघायचाय ना आपल्याला?” मी म्हटलं.

“भूगोलाच्या बाई, काळा दगड इथेही आहे. मदिन्याच्या बाजूला मैलोन्‌मैल पसरलाय म्हणे.”

“तो पाहिलाय तुम्ही?”

“तिथे काय बघायचं?”

या माणसाशी पुढे काय बोलणार? इतकी वर्षं ज्या देशात राहिलो तिथला लाव्हा बघायला गाडी काढायची नाही, कारण तिथे काही नाही. आणि अटलांटिकमधला बघायचा नाही, कारण तो इथे आहे. मुलं एका कोपऱ्यात फोनमध्ये डोकं घालून बसली होती. त्यांना विचारलं तर त्यांनी इंग्लिशमध्ये एवढंच विचारलं की हॉटेलला पूल आहे का आणि वायफाय रूममध्ये येतं का. त्यांच्या आयांनी कौतुकाने एकमेकींकडे पाहिलं.

ला गोमेराचा नंबर आला तेव्हा मी सांगितलं की तिथे खोल दऱ्या आहेत, आणि एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर निरोप पाठवायला लोक शिट्टीची भाषा वापरत. अजूनही शाळेत मुलांना ती शिकवतात. सरांनी तोवर फोनमध्ये शोधाशोध केली होती.

“मॉल नाही,” ते म्हणाले आणि पुढचा फोटो लावला.

निकाल अर्थातच तेनेरिफेचा लागला. मोठा विमानतळ, मोठं हॉटेल, वॉटर पार्क आणि दोन भारतीय रेस्टॉरंट. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, जणू काही संकट टळलं होतं.

मी चहाला मदत करायला आत गेले. सरांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणतो. पन्नाशी ओलांडलेली, मूळची संगमेश्वरकडची, बाहेर चारचौघांत फारसं न बोलणारी बाई. त्या आलं किसत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “ते खरंच शिट्टीने बोलतात गं?”

“हो. पूर्ण वाक्यं.”

“मला यायची शिट्टी. दोन बोटं तोंडात घालून. विहिरीच्या ऱ्हाटाजवळून वाजवली की वरच्या माडांच्या आगरात वडलांना ऐकू जायची. आई चिडायची, मुलीच्या जातीला शोभत नाही म्हणून.” त्यांनी आलं चहात टाकलं. “मला ते बेट बघायचंय.”

“मग सांगा ना बाहेर.”

त्यांनी सांगितलं. चहाचा ट्रे ठेवताना, अगदी साध्या आवाजात. “अहो, तिथे आहोतच तर एक दिवस त्या गोमेरालाही जाऊया.”

सर हसले. “हिला शिट्टी ऐकायचीय. घरी कुकर लावतेस तेव्हा ऐकतेस की रोज.”

सगळे मोकळेपणाने हसले. माझा नवरा तर खोकला येईपर्यंत. वहिनींनी सगळ्यांना चहा दिला आणि त्या बसल्या. त्या वेळी त्या खोलीतल्या हसणाऱ्या एकूण एक माणसाविषयी मला जी किळस वाटली, ती आजही तशीच आहे. एकाही माणसाला त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघावंसं वाटलं नाही.

आम्ही तेनेरिफेला गेलो. बरोबर ठेपले, चिवडा, रेडीमेड उपम्याची पाकिटं आणि एक छोटा राइस कुकर. हॉटेल असं होतं की ते दुबईत उचलून ठेवलं असतं तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. तेइदे हा स्पेनमधला सर्वांत उंच डोंगर तिथे उभा होता. त्याच्या पायथ्याशी आमच्या मंडळींनी बसमधून उतरून फोटो काढले, थंडी आहे असं एकमेकांना सांगितलं आणि ती परत बसमध्ये जाऊन बसली. समुद्रावर सर म्हणाले, आपल्या खोबरची चौपाटी याहून स्वच्छ आहे.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर वहिनी म्हणाल्या, “मी आज गोमेराला चाललेय. बोटीने तासाभरात पोचतात. ही येतेय माझ्याबरोबर.” ‘ही’ म्हणजे मी. मला हे तेव्हाच कळलं.

“तिकडे काही नाहीये,” सर म्हणाले.

“असू दे.”

“आणि आज वॉटर पार्कची तिकिटं आहेत.”

“तुम्ही जा ना. मुलं खूश होतील.”

सरांनी टोस्टला लोणी लावायला घेतलं. चार माणसांसमोर बायकोला नाही म्हणायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती, कारण शिट्टीच्या त्या दुपारपर्यंत तिने कधी काही मागितलंच नव्हतं, आणि तेव्हाही एका विनोदात काम भागलं होतं.

गोमेरावर उतरल्यावर आम्ही बस धरून वर गेलो. वळणावळणाचा रस्ता, खाली दऱ्या, आणि माथ्यावर धुक्यात बुडालेलं जंगल, झाडांच्या खोडांवर शेवाळ. वहिनी खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. वरच्या एका खानावळीत जेवणानंतर तिथल्या म्हाताऱ्याने पाहुण्यांना शिट्टीची भाषा ऐकवली. एका बाईचा चष्मा त्याने लपवून ठेवायला लावला आणि बाहेर थांबलेल्या त्याच्या साथीदाराने आत येऊन नुसत्या शिट्टीवरून तो शोधून दिला. वहिनींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाहेर कठड्यापाशी येऊन त्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि जोर लावला.

नुसती हवा आली. पुन्हा केलं, पुन्हा हवा.

“पुढचे दात बसवलेत ना, म्हणून,” त्या म्हणाल्या आणि हसत सुटल्या. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग बोटं रुमालाला पुसून म्हणाल्या, “चल, अजून एक कॉफी घेऊ. बोटीला वेळ आहे.”

परत आल्यावर महिनाभराने खोबरला पुन्हा जेवण झालं. सहलीला न आलेली दोन-तीन घरंही होती. टीव्हीवर फोटो लागले. तेनेरिफेचे फोटो भराभर गेले आणि मग धुक्यातलं जंगल आलं. तो फोटो मी काढून वहिनींना पाठवला होता.

“खरं म्हणजे बघायचं तर गोमेरा,” सर सांगायला लागले. “टूरिस्ट लोक तेनेरिफेला जाऊन परत येतात. पण अस्सल चीज इथे आहे. इथे शिट्टीची भाषा आहे, माहितीये? दऱ्यांमधून निरोप जातात. अंगावर काटा येतो ऐकताना.”

अल खर्जचा डॉक्टर मान हलवत होता. वॉटर पार्कच्या घसरगुंडीवर सरांच्या मागच्याच रबरी ट्यूबमध्ये हाच बसला होता. माझा नवराही मान हलवत होता.

नव्या घरांपैकी एकीने विचारलं, “बोट लागते का हो तिथली? मला उलट्या होतात.”

“छे, अगदी स्मूथ,” सर म्हणाले.

“यांना विचारू नका,” वहिनी म्हणाल्या. त्या सोफ्याच्या टोकाला बसून बडीशेप खात होत्या. “हे आले नव्हते. बोट चांगलीच हलते. लिंबू जवळ ठेवा.”

सर म्हणाले की त्या दिवशी ऑफिसचा एक अर्जंट कॉल होता. त्या बाईने आपली खुर्ची उचलून वहिनींच्या शेजारी नेली आणि तिथे वर डोंगरावर जेवायला काय मिळतं ते विचारायला लागली. डॉक्टरची बायकोही तिकडे सरकली. वहिनी त्यांना कॉफीबद्दल, शेवाळाबद्दल आणि आपल्या दातांबद्दल सांगत राहिल्या. सर उरलेले फोटो माझ्या नवऱ्याला दाखवत होते, आणि तो प्रत्येक फोटोला “वा” म्हणत होता.

घरी येताना गाडीत तो म्हणाला, “वहिनींनी असं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं.” मी खिडकीची काच खाली केली आणि घर येईपर्यंत ती तशीच ठेवली.