न लागलेली जोड

तोडीस तोड असे दोन पहिलवान एका शहरात असले, की त्यांची कुस्ती काही होत नाही. का होत नाही, तर एकमेकांना घाबरतात, असं म्हणून लोक मोकळे होतात. उज्जैनच्या फ्रीगंजातल्या चहाच्या दुकानांत मी हे शंभरदा ऐकलं आणि शंभरदा मला राग आला. अशी एक कुस्ती न होण्याचं खरं कारण मला माहीत आहे, कारण ती माझ्यामुळे झाली नाही.

मी मूळचा साताऱ्याकडचा. वडिलांना दम्यानं काम होईना, तेव्हा सहावीतूनच शाळा सुटली. पुढं ओळखीच्या ओळखीनं उज्जैनला एका मराठी गृहस्थांच्या छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. मालकांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या दरबारच्या चाकरीत. पण दरबार गेला होता, संस्थानांचं मध्य भारत हे राज्य झालं होतं, आणि आता तेही मोडून आणखी मोठं राज्य होणार, या बातम्या आम्ही दर आठवड्याला जुळवत होतो. मला त्या वाचून धास्तीच वाटायची. राज्य बदललं की छापखाना बंद पडेल, मला परत जावं लागेल, असं काहीबाही मनात यायचं. तसा मी भित्राच.

पहिल्याच उन्हाळ्यात मला ताप भरला. माधव नगरात माझ्या खोलीला लागून एक पहिलवान राहायचा. गिरणीत कामाला, जातिवंत माळव्याचा. माझं त्याचं बोलणंही नव्हतं. तो अकरा दिवस पाळीवर जाण्याआधी माझ्या उशाशी बसला, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, स्वतःच्या खुराकातलं दूध मला पाजलं. बरं वाटल्यावर मी हात जोडले, तर म्हणाला, "दक्खिनी, दूध पिया है तो अब मरना मत, मेरा नुकसान होगा." त्या दिवसापासून मी त्याचा झालो. तेव्हा माझं वय विशीच्या पुढं होतं, पण त्याच्यामागे मी लहान भावासारखा हिंडायचो.

तो पस्तिशीकडे झुकला होता. डावा गुडघा सुजायचा. हाडवैद्यानं सांगून टाकलं होतं की अजून दोन-तीन वर्षं, मग मातीत उतरायचं नाही. त्याला त्याचं दुःख नव्हतं. दुःख एवढंच की घाटाजवळच्या आखाड्यातला जो दुसरा पहिलवान, ज्याला आजवर कोणी पाठ लावली नव्हती, त्याच्याशी त्याची एकदाही कुस्ती झाली नव्हती. आमच्यालाही कोणी पाडलं नव्हतं. "हरूँ तो हरूँ," तो म्हणायचा, "पर मालूम तो पड़े." त्यासाठी वर्षाकाठी नागपंचमीची एकच दंगल, म्हणजे कुस्त्यांचा फड, हाताशी होती.

पूर्वी हे सोपं होतं, असं मालक सांगायचे. दरबारचा हुकूम आला की जोड लागायची, उस्तादांना कोणी विचारायचं नाही. "आता हुकूम देणार कोण? कलेक्टर का?" आता सगळं विचारून, समजावून करायचं. मालक दंगलीच्या कमिटीत होते, त्यामुळे हे विचारणं आणि समजावणं आमच्या छापखान्यातूनच चालायचं.

पहिल्या वर्षी अडलं ते जाहिरातीवर. कोणाचं नाव वर? मी दोन्ही नावं एका ओळीत, एकाच टाइपात जुळवली. मग उजवं कोणाचं आणि डावं कोणाचं, यावर निघालं. शेवटी अर्ध्या कागदांवर हे नाव आधी आणि अर्ध्यांवर ते, अशी तोड मी सुचवली. दोन्हीकडचे राजी झाले, तोवर नागपंचमी होऊन गेली होती. दुसऱ्या वर्षी भांडण मातीचं. त्यांच्या आखाड्यात लढायचं तर यांची ना, इकडे लढायचं तर त्यांची. आणि गंमत म्हणजे दोघे पहिलवान यात कुठंच नसायचे. ते आपले दंड-बैठका काढत असायचे, भांडायची ती त्यांच्या बाजूची माणसं. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याची पाठ लागलेली बघायची नाही, म्हणून ती माणसं अडून बसायची. मला ते कळायचं. माझाही जीव होताच की.

तिसऱ्या वर्षी सगळं जमलं. मैदान तिसरंच, माती दोन्हीकडची निम्मी-निम्मी, कुस्ती निकाली. आता फक्त समोरच्या उस्तादांची संमती आणायची राहिली. ते फार म्हातारे, खाटेवरून क्वचित उठायचे, पण त्यांनी मान हलवल्याशिवाय त्यांचा पट्ठा लंगोट बांधत नसे. मालकांनी मला पाठवलं. मी बाहेरगावचा, ना इकडचा ना तिकडचा, म्हणून.

जाताना मला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? आमच्याकडे मास्तर बदलून चालले तरी फेटा आणि श्रीफळ देतात, पाटलाच्या बैलानं शर्यत मारली तरी पाटलाला देतात. माझ्या पेटीत घरून निघताना वडिलांनी दिलेला गुलाबी फेटा होता, एकदाही न बांधलेला. तो काढला, नारळ घेतला, आणि उस्तादांच्या खाटेपाशी जाऊन दोन्ही त्यांच्या हातात ठेवून वाकून नमस्कार केला. नाव अर्थातच आमच्या पहिलवानाचं सांगितलं. माझा फेटा मी माझ्या नावानं देऊन कोणाला काय त्याचं?

दंड काढणारे थांबून आमच्याकडे बघू लागले. उस्तादांनी मला पुन्हा विचारलं, कोणी पाठवलं? मी पुन्हा सांगितलं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यांनी उठून बसायला आधार मागितला, फेटा स्वतःच्या हातानं डोक्याला बांधला आणि नारळ वाढवला. अर्धी वाटी आपल्या पट्ठ्याला दिली, अर्धी माझ्या हातात ठेवून म्हणाले, "उससे कहना, हमने मान लिया." मला वाटलं, कुस्ती मानली. मी जवळजवळ पळतच आलो.

पहिलवान नुकताच पाळीवरून आला होता. मी सगळं सांगितलं. तो त्या खोबऱ्याकडे बघत राहिला. मग हळूच विचारलं, "साफा किसके नाम से दिया?"

"आपल्या."

तो खाली बसला. मग मला समजावून सांगितलं, अगदी लहान मुलाला सांगावं तसं. माळव्यात साफा आणि नारळ उस्तादाला मान म्हणून कोणी देत नाही. ते देणं म्हणजे त्याला गुरू करणं. साफा डोक्यावर चढला, नारळ वाटला, की शागिर्दी पक्की. आणि एका उस्तादाचे दोन पट्ठे दंगलीत एकमेकांसमोर उभे राहत नाहीत. त्याचा स्वतःचा उस्ताद वारून आठ वर्षं झाली होती, त्यामुळे यात वावगं असंही काही नव्हतं.

मी म्हणालो, मी आत्ता जातो, पाया पडतो, सांगतो की मी परमुलखातला गाढव, मला रीत माहीत नव्हती. ते समजून घेतील.

"समझ लेंगे," तो म्हणाला. "फिर? सबके सामने बूढ़े के सिर से साफा उतारेगा तू?"

त्याच्या मनात काय चाललं होतं ते मी कधी विचारलं नाही, पण गुडघ्यावरून हात फिरवत तो बराच वेळ बसला होता. त्या हाताखाली शेवटचं वर्ष होतं. मग त्यानं खोबऱ्याचा तुकडा काढला, कपाळाला लावला आणि खाल्ला. उरलेलं माझ्यापुढं धरलं. "ले, तू भी खा. सारा काम तो तूने किया है."

सकाळी मालकांना सांगितलं. ते डोक्याला हात लावून बसले. "अरे बाबा, दरबारला जे जमत होतं ते आपल्याला नाही जमलं, इथपर्यंत ठीक. पण एक नारळ देऊन मोडायचं, हे तर कमालच झालं." मला वाटलं, आता गाडीचं तिकीट हातात ठेवतात. पण थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, पहिलवान काय म्हणाला? साफा उतरवण्याबद्दल तो जे बोलला ते मी सांगितलं. ते उठून खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, चल, कामाला लाग.

शहरात तेच उठलं, घाबरले. मी एकदोनदा भांडायला गेलो, पहिलवानानंच अडवलं. खरं सांगितलं तर उस्तादांना कळेल, म्हणाला.

नव्या शागिर्दानं उस्तादाच्या आखाड्यात जायचं असतं. तोही पहाटे पाळीआधी घाटाकडे जाऊ लागला. माती खणायचा, त्यात तेल-ताक घालायचा, उस्तादांचे पाय दाबायचा. आणि गुरुभाऊ दंगलीत लढत नसले तरी सरावाला एकमेकांशीच लढतात, त्याला तिकडे ज़ोर करणं म्हणतात. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एका सकाळी तो मला सोबत घेऊन गेला.

खाटेवर गुलाबी फेट्यातले उस्ताद, कट्ट्यावर मी, आणि झाडणारा एक म्हातारा. एवढेच बघणारे. आणि मातीत ते दोघे. मला कुस्तीतलं फारसं कळत नाही. पण दोन माणसं बराच वेळ एकमेकांचं अगदी लक्ष देऊन ऐकतात, तसं काहीतरी मी बघत होतो. एकदा आमच्याचा डावा पाय लचकला. दुसऱ्यानं तत्काळ पकड सैल केली. दंगलीत ती कोणी केली नसती.

आमचा रागावला. "ढील मत दे, भाई. मैं इसके लिए नहीं आया."

दुसरा हसला आणि पुन्हा भिडला, आणि या वेळी खरा भिडला. उस्ताद खाटेवर कोपरावर उठून बसले. कोणाची पाठ कुठं लागते म्हणून मी श्वास धरून बघत होतो, तेवढ्यात गिरणीचा पहिला भोंगा वाजला. आमच्यानं जमिनीवर दोनदा हात आपटून सुटका मागितली, तसाच मातीनं भरलेल्या अंगावर सदरा चढवला, उस्तादांच्या पायांना हात लावला आणि लंगडतच निघाला.

"मालूम पड़ा?" मी मागून धावत विचारलं.

"अभी कहाँ," तो म्हणाला. त्याचा चेहरा असा फुलला होता, की फाटकात गैरहजेरी लागेल याचीसुद्धा मला आठवण करून द्यावी लागली.