तिसरी पुकार

दगडाआत्या उठणार, हे मला पहिल्या पुकारीलाच कळलं होतं. कसं कळलं म्हणता? अहो, तिच्या पाठीवरून. देवळात ती पुढच्या सतरंजीवर बसायची, मी तिच्या मागं. फादरनी माझं नाव वाचलं आणि तिची पाठ जी ताठ झाली, ती मिस्सा संपेस्तोवर ताठच राहिली.

आधी पुकार म्हणजे काय ते सांगते, नायतर म्हणाल म्हातारी कुठलं कुठं सांगत सुटलीया. आम्हा कॅथलिक लोकांत लग्न ठरलं की फादर तीन रविवार मिस्सेत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, वाचून दाखवतात. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, यांचं लग्न ठरलंय, कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर त्यानं सांगावं. तीन पुकारी सुखरूप गेल्या की मांडव घालायचा. अडचण म्हणजे कुणाचं आधी लग्न झालेलं असणं, नायतर दोघांत जवळचं नातं असणं. मामाची पोरगी, आत्याचा पोरगा, हे चर्चच्या लेखी जवळचं नातं. आणि आमच्याकडं तर मामाची पोरगी म्हणजे हक्काची! आता माणसानं करावं काय?

आम्ही गप बसलो.

माझं लग्न ठरलं होतं सांडूशी. माझी थोरली आत्या साळूबाई, तिचा हा पोरगा. माझ्या बापाच्या सख्ख्या बहिणीचा. लहानपणापासून मला त्याच्या नावानं चिडवायचे आणि मी वरवर चिडायची. खरं सांगू? मला तोच पाहिजे होता. चिकलठाण्याला कंपनीत लागला होता, आमच्याकडं सायकलवर यायचा. आला की आधी आमच्या म्हशीच्या पाठीवर थाप मारायचा, मग माझ्याकडं बघायचा. लई राग यायचा मला त्याचा.

आणीबाणी उठून दोन-तीन सालं झाली होती. आमचे फादर नवे, मंगळूरकडचे. त्यांनी माझ्या बापाला, पुंजारामला, सरळ विचारलं, "मुलामुलीचं काही नातं आहे का?" बाप म्हणाला, "नाय फादर, गावाकडची ओळख हाय." देवळाच्या पायरीवर उभा राहून, खुशाल! पुकारीत आईचं माहेर थोडंच वाचतात? बापांची नावं वाचतात, आणि पोरांची बाप्तिस्म्याची. मी चतुरा, पण देवळात फिलोमिना. सांडू देवळात योसेफ. नव्या माणसाला कळायचं कसं? बाकी अख्ख्या देवळाला ठाऊक होतं, पण कुणी तोंड उघडणार नव्हतं. उद्या त्यांच्याही घरात हेच व्हायचं होतं.

धास्ती होती ती एका दगडाआत्याची.

दगडाआत्या बापाची धाकटी बहीण. लग्न न झालेली, चाळिशी ओलांडलेली, आमच्याच घरात गारखेड्याला राहायची. तेव्हा गारखेडा म्हणजे शेतं आणि मधीमधी चार घरं. तिथून ती छावणीकडच्या देवळात जायची. देवळाची झाडलोट, वेदीवरची कापडं धुणं, त्यांना इस्त्री, मिस्सेआधी जपमाळ सांगणं, सगळं तिच्याकडं. खोटं बोललेलं तिला खपत नसे. एक बाई मिस्सेला आली नाय, म्हणाली पोराला ताप होता. आत्या तिच्या घरी गेली, पोराच्या कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाली, "हे तर ठणठणीत हाय गं. तुझंच डोकं तापलंय काय?" अशी ती.

आणि बाप खोटं बोलला तोही तिच्यामुळंच. निजामावर पोलीस ॲक्शन होऊन सात-आठ सालं झाली असतील तेव्हा. मी जन्मायची होते. दगडाआत्याचं लग्न ठरलं होतं मुंजाबाशी. मुंजाबा तिच्या सख्ख्या आत्याचा पोरगा, म्हणजे हुबेहूब माझीच गत. दोन पुकारी झाल्या. तिसरीला कुणी उठलं नाय, तर ही स्वतःच उठली! अठरा वर्षांची पोरगी, नवं लुगडं नेसलेली. म्हणाली, "फादर, मुंजाबा माझ्या आत्याचा हाय." धर्मशिक्षणाला शिकवलं होतं ना, लपवणं पाप म्हणून. तेव्हाचे गोरे फादर म्हणाले, पुकार थांबवतो, घरच्यांनी येऊन मला भेटावं. घरचे कशाला भेटतात? भर देवळात शोभा झालेली. आजोबा चार रविवार घराबाहेर पडले नायत. मुंजाबाच्या बापानं महिन्याच्या आत फुलंब्रीकडची पोरगी बघून त्याचा बार उडवून दिला. आत्याला पुढं स्थळं आली, तिनं एकाला हो म्हटलं नाय.

मुंजाबा दर रविवारी मिस्सेला यायचा. पुरुषांच्या बाजूला, खांबाशी, डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवून. बायको, पोरं, सगळा बारदाना बरोबर. तो आणि आत्या एकमेकांकडं कधी बघायचे नायत, बोलणं तर सोडाच. बाप म्हणायचा, "खरं बोलून काय मिळतं ते बघितलंय मी. घरात बसलंय ते."

पहिल्या पुकारीनंतर घरात कुणी आत्याशी धड बोलेना. आईनं तिच्या भाकरीवर तूप जरा जास्तच वाढलं. आत्या म्हणाली, "वहिनी, तोंड बंद करायला एवढं तूप पुरत नाय." आई तवा घासायला बाहेर गेली ती बराच वेळ आली नाय.

दुसऱ्या पुकारीनंतर सांडूचे वडील त्रिंबकराव आमच्याकडं आले. माणूस मानी, आवाज मोठा. बापाशी बोलत होते, पण आत्या ऐकेल असं. "पुंजाराम, मागं एकदा तुमच्या घरानं भर देवळात तमाशा केला. पुन्हा झाला ना, तर त्या क्षणी मी पोराला उठवून नेणार. पुढं तुमची पोरगी आणि तुम्ही. मला बी इज्जत हाय." साळूआत्या नवऱ्याच्या मागं पदराशी चाळा करत उभी होती. सख्खी बहीण समोर, पण तिनं दगडाआत्याकडं मान वर करून बघितलं नाय.

दगडाआत्या कोळशाची इस्त्री फिरवत होती. वेदीचं कापड. ती काय बोलली नाय, आणि त्याचीच मला भीती वाटली. बोलणारी बाई गप झाली की समजावं.

लग्न मंगळवारी धरलं होतं. तिसरी पुकार रविवारी, मंगळवारी लग्न, बुधवारी राखेचा बुधवार. तो आला की उपासाचे दिवस लागतात आणि ईस्टरपर्यंत लग्नं लागत नायत. म्हणजे रविवारी अडलं की अडलंच. आणि त्रिंबकराव काय ईस्टरपर्यंत वाट बघणारे नव्हते.

शनिवारी सकाळी मी आत्याला गाठलं. ती धुतलेली कापडं फडक्यात बांधत होती. मी म्हणाले, "आत्या, तुझं झालं नाय म्हणून माझंबी होऊ द्यायचं नाय का?" बोलले, बोलले. ज्याच्यावर तशी वेळ येते त्याला विचारा.

तिनं गाठ मारली. म्हणाली, "उद्या काय नेसणार हायेस?"

"हिरवी साडी."

"नेस. चांगली दिसती तुला."

आणि कापडं घेऊन देवळात गेली. दुपारी परत आली ती डोळे लाल करून. जेवली नाय. ओट्यावर बापाची वाट बघत बसली. बाप आला तशी म्हणाली, "दादा, जरा बस. मला काय सांगायचंय. तू फादरकडं जाऊन खरं ते—"

"नाव काढू नको!" बाप असा ओरडला की म्हैस उठून उभी राहिली. "एकदा घर बुडवलंस, पुन्हा बुडवायचंय? एक शब्द नको." आणि पायात वहाण सरकवून तो तडक त्रिंबकरावांकडं निघून गेला. राहिलाही तिकडंच. आत्या तिथंच ओट्यावर बसून राहिली. माझ्याशीही बोलली नाय, आणि मी विचारलं नाय. विचारायची हिंमतच नव्हती.

रविवारी देऊळ भरलं होतं. बायका डावीकडं, पुरुष उजवीकडं. समोर बाप आणि त्रिंबकराव, त्यांच्या मधी खेटून सांडू, इस्त्रीचा शर्ट घालून. मागं खांबाशी मुंजाबा. गाणी झाली, वाचनं झाली, फादरचं प्रवचन झालं. मला विचाराल तर एक शब्द ऐकला नाय. मी आत्याची पाठ बघत होते.

फादरनी कागद उघडला. "तिसरी आणि शेवटची पुकार. पुंजाराम यांची मुलगी फिलोमिना..."

आत्या उठली.

देवा! कुणीतरी मागून "अगं बाई" म्हणालं. आत्या हात जोडून म्हणाली, "फादर, अडचण हाय. पोराची आई माझी बहीण. पोरीचा बाप माझा भाऊ. सख्खी मामेआते भावंडं हायेत ही."

त्रिंबकराव ताडकन उभे. सांडूच्या खांद्याला धरून म्हणाले, "ऊठ! ऊठ म्हणतो ना!"

सांडू उठला नाय. मान खाली घालून म्हणाला, "दादा, मी हितंच बसतो." आयुष्यात पहिल्यांदा तो बापाला नाय म्हणाला असेल. मी हुंदका दिला तो सगळ्यांनी ऐकला.

"त्रिंबकराव, बसा," आत्या म्हणाली. "माझं संपलं नाय. फादर, काल मी तुम्हाला कापडं द्यायला आले तवा इचारलं व्हतं, मामाच्या पोरीशी लगीन करायचं असंल तर काय करावं लागतं. काय म्हणालात, ते समद्यांना सांगा."

फादर गोंधळले होते, पण त्यांनी सांगितलं. "बिशपसाहेबांची परवानगी घ्यायची. मी अर्ज पाठवतो. अशा नात्याला बहुतेक वेळा मिळते."

देवळात कुजबुज उठली. आत्या बापाकडं वळली. "काल ऐकून घेतलं नायस दादा, आज ऐक. लपवून लावलेलं लगीन चर्च मानत नाय. उद्या कुणी उठून बोललं, तर ह्या पोरीला लग्नाची म्हणायचं का बिनलग्नाची? जा. फादरना भेट. आपल्या आबांसारखं घरात तोंड लपवून बसू नको."

बाप जागचा हलला नाय. पांढराफटक पडला होता.

मग आत्यानं फादरना अजून एक विचारलं, अगदी हळू. पण देऊळ एवढं गप होतं की शेवटच्या सतरंजीवर ऐकू गेलं. "फादर, ही परवानगी आता नवी निघालीय, का आमच्या वेळंलाबी व्हती?"

"तुमच्या वेळी म्हणजे?"

"पोलीस ॲक्शनच्या मागून. सात-आठ सालांनी."

"होय," फादर म्हणाले. "तेव्हाही होती. भेटून विचारायला हवं होतं."

आत्या तशीच उभी राहिली. "त्या फादरनी बोलावलं व्हतं," ती म्हणाली, आणि कुणाला म्हणाली कोण जाणे. "येऊन भेटा म्हणले व्हते. आबा गेले नायत. मी गेले नाय. आम्ही कुणीच गेलो नाय."

आणि खाली बसली. तिची पाठ वाकलेली मी पहिल्यांदा बघितली. तेव्हा बाप उठला, सगळ्यांच्या देखत वेदीपाशी गेला आणि फादरसमोर हात जोडून उभा राहिला. त्रिंबकराव हळूहळू खाली बसले.

पुढं परवानगी आली, ईस्टरनंतर लग्न लागलं, आणि सांडू अजून आधी जनावराकडं बघतो आणि मग माझ्याकडं. ते काय विशेष नाय. मला सांगायचंय ते त्याच रविवारचं, मिस्सा सुटल्यावरचं.

दाराशी सगळे चपला शोधत होते. आत्यापासून लोक जरा लांबच राहिले होते, मी तेवढी तिच्याजवळ. गर्दीतून मुंजाबा आला. पटका अजून हातातच. घरची माणसं मागं थांबवून तो एकटा आला आणि आत्यासमोर उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"दगडे," तो म्हणाला. "त्या दिवशी तू उठलीस. मला वाटलं, तुला मी नको हाये."

आत्या त्याच्याकडं बघत राहिली. मला वाटलं ही आता रडणार, नायतर कायतरी लागट बोलणार.

"येडा हायेस काय रे मुंजाबा?" ती म्हणाली. "नवं लुगडं नेसून कुणी नाय म्हणायला येतं व्हय?"

मुंजाबानं पटका डोक्यावर ठेवला, तो नीट बसेना, पुन्हा काढला. मग तसाच हातात धरून माणसांकडं परत गेला. आत्या खाली वाकून चपला शोधू लागली, आणि समोर असूनही तिला त्या सापडेनात, म्हणून मी उचलून तिच्या पायात घातल्या.