छापील भाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, पण आधीच बजावते, सांगताना मला मान खाली घालता येणार नाही. कारण त्या दिवशी मी जिंकले होते.

तेव्हा मी जबलपुरात ट्रंक कॉल जोडायचे. शेअरबाजाराचे भाव आमच्याकडे मुंबईच्या पेपरातून यायचे, एक दिवस शिळे. कांचघर मोहल्ल्यातली आम्ही चार-पाच घरं आपसांत शेअर घ्यायचो-द्यायचो, ते त्याच भावाने. नवा पेपर येईपर्यंत छापलेला भाव खरा — हा आमचा नियम. आणि ते पान वाचायला मला कुणी शिकवलं? शेजारच्या मेश्रामकाकांनी. कारखान्यातून निवृत्त झालेले, घरावर पत्रे. जवळ एका कंपनीचे शेअर होते, ते विकून स्लॅब टाकायचा, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. आणि विकायचे तर परक्याला नाही, मलाच. मीच आज-उद्या करत होते.

एका दुपारी मुंबईचा कॉल जोडला आणि — कानावरचा हेडफोन काढायला हवा होता ना? नाही काढला. काकांकडे शेअर होते त्याच कंपनीने बोनस शेअर जाहीर केले होते, भाव उसळला होता. अख्ख्या गावात दोघांनाच ठाऊक: एक तो कॉल लावणारा राइट टाउन भागातला शेठ, दुसरी मी. अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे हो, आनंदाचा.

ड्यूटी संपली तशी घरी न जाता थेट काकांकडे गेले, शेअर आजच घेते म्हणाले.

"आजच काहून?" ते म्हणाले. "उद्या पेपर येऊनच राहिला. पाहून घे नं."

"भाव तोच राहणार आहे, काका."

झालं — हेच ते खोटं. नियम मी मोडला नाही. छापील भावाने घेतले, काकांनी चष्मा पुसून सही केली.

दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन काकाच आले, सोबत खोव्याची जिलबी. माझ्या नशिबाचं त्यांना माझ्याहून जास्त कौतुक. त्या वर्षी स्लॅब पडला तो माझ्या घरावर. मी ड्यूटीवर असायचे, म्हणून त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं काकांनी. ते गेले, ते पत्र्याखालीच.

आता भाव क्षणात सगळ्यांच्या फोनवर येतो. कुणाला कुणाच्या पुढे पळता येत नाही. काकांनी पाणी मारलेलं माझं छत एकदाही गळलं नाही. त्याखाली बसून मला तो एक दिवस आठवतो, आणि — आजही हसू फुटतं.